आमच्याकडे चहाला खाणं म्हणत नाहीत

त्या मे महिन्यात सोलापुरात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि माझी आई घरात चादर पांघरून बसायची. पंखा लावला की म्हणायची, "बंद कर रं, हुडहुडी भरतीया." आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. गल्ली अरुंद, वर पत्रा, दुपारी घराची नुसती भट्टी होते. त्या भट्टीत एक बाई चादर घेऊन बसते, आणि ज्युनिअर कॉलेजात पोरांना फिजिक्स शिकवणाऱ्या तिच्या मुलाला दोन महिने वाटत राहतं की वय झालंय, असंच व्हायचं. त्या मुलाच्या कानाखाली एक द्यावी असं आज वाटतं. तो मुलगा मीच.

आई वळसंगची. वडील गेल्यावर तिने शेरडं विकली, शेत वाट्याने दिलं आणि माझ्याकडे राहायला आली. दिवसभर शेरडांमागे पळणारी बाई इथे मेथी निवडता निवडता बसल्या जागी डुलक्या घ्यायला लागली. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. बायको म्हणाली, "अहो, आईंना एकदा दाखवून आणू." मी म्हणालो, गावाकडची माणसं शहरात आली की सुस्तावतात, दाखवायचं काय त्यात? मग एके दिवशी ती चुलीवर म्हणजे गॅसवर दूध ठेवून तिथेच भिंतीला टेकून झोपली, दूध उतू जाऊन गॅस विझला आणि घरभर वास पसरला, तेव्हा कुठे मी रजा टाकली.

डॉक्टर नावाजलेले. बाहेर बाकड्यांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, काही जिन्यात उभी. रक्त तपासलं, अँटिबॉडीची तपासणी झाली. थायरॉईड निघालं, आणि त्यातलंही एक जपानी नावाचं. डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच ग्रंथीला शत्रू समजून तिच्यावर हल्ला करतंय. गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल, रोज सकाळी, काही खाण्याआधी. एवढं सांगून त्यांनी घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "म्हंजी माझंच अंग माझ्यावर उठलंय व्हय? म्या काय केलं त्याला?"

मी हसलो. तिला पेशी, प्रतिकारशक्ती वगैरे समजावून सांगायला लागलो. तिने मान हलवली. मी शिकवायला लागलो की ती नेहमी मान हलवते.

गोळी सुरू झाली आणि महिन्या-दीड महिन्यात थोडा फरक पडला. सूज उतरली, आवाज जरा मोकळा झाला. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण नुसती एक चिमूटभर गोळी देऊन स्वस्थ बसेल तो मी कसला? मी शिकलेला. मला मुळाशी जायचं होतं.

थायरॉईड हा शब्द उच्चारायचा अवकाश, सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. स्टाफरूममध्ये एकाने कोबी-फ्लॉवर बंद करायला सांगितलं. अकलूजचा माझा मामेभाऊ डेअरीत कामाला आहे. तो दूध विकून संसार चालवतो, पण त्यानेच फोन करून सांगितलं की या आजारात दूध म्हणजे विष. शेवटी मला मोबाईलवर एक बाई सापडल्या. आहार-मार्गदर्शक. पांढरा कोट घालून व्हिडिओ करायच्या आणि औषध न वाढवता ग्रंथी कशी शांत करायची ते सांगायच्या. त्यांचा तीन महिन्यांचा कोर्स मी लावला. त्यांनी पाठवलेली यादी मी कॉलेजातून प्रिंट काढून आणली आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवली.

गहू बंद. दूध, दही, ताक बंद. शेंगदाणे बंद, म्हणजे सोलापूरच्या घरात जेवणच बंद म्हणा ना. वांगं बंद, टोमॅटो बंद. बाजरी बंद, आणि बाजरीच्या खालच्याच ओळीत ज्वारी. त्याच बाईंच्या दुसऱ्या एका व्हिडिओत ज्वारी उत्तम म्हणून सांगितली होती. मी तोही पाहिला होता. पोरांच्या पेपरात पहिल्या ओळीत एक आणि तिसऱ्या ओळीत उलटं दिसलं तर मी लाल पेनाने पान फाटेल इतकी रेघ मारतो. इथे मात्र नंदीबैलासारखी मान डोलावली.

आईने एकदाच विचारलं, "जवारीनं काय केलंय? माझी आय म्हातारी हुईस्तोवर भाकरी खाऊन गेली की."

"तिला हा आजार नव्हता," मी म्हणालो. "इथं लिहिलंय बघ." आणि यादीवर बोट ठेवलं. आईला वाचता येत नाही.

मग ती भात आणि दुधी खायला लागली. भात आणि दोडका. भात आणि मुगाचं पाणी. बायको आमच्या भाकरी थापायची तेव्हा आई उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसायची. मला वाटायचं, किती मनावर ताबा आहे! एका गोष्टीत मात्र मी मन मोठं केलं. सकाळचा चहा तिला दुधाचाच लागतो, निम्मं दूध, निम्मं पाणी. चहापुरतं दूध चालेल, असं मी त्या बाईंना विचारून घेतलं आणि घरात जाहीर केलं. आपण किती समजूतदार आहोत, असंही मला तेव्हा वाटल्याचं आठवतं.

दूध-दही बंद झाल्यावर हाडांना कॅल्शियम कुठून मिळणार? बाईंनीच गोळ्या सांगितल्या. रोज एक कॅल्शियमची, एक लोहाची. मी आणल्या. आईच्या सगळ्या गोळ्या एका स्टीलच्या डबीत घालून ठेवल्या, म्हणजे तिला शोधाशोध नको.

पुढच्या तपासणीत आकडा वर गेला होता, म्हणजे औषध कमी पडत होतं. डॉक्टरांनी पन्नासची गोळी पंच्याहत्तरची केली. त्यापुढच्या वेळी आणखी वर. शंभरची झाली, मग सव्वाशेची. आईचा चेहरा पुन्हा सुजला, चादर पुन्हा बाहेर निघाली. आता तिला दवाखान्याचा जिना चढवत नव्हता. बोलताना शब्द सापडायचे नाहीत, "ते हे दे की, ते" म्हणत हात नुसता हवेत राहायचा. एकदा तिला माझ्या वडिलांचं नाव पटकन आठवेना आणि ती रडायला लागली. मी घाबरलो. आणि घाबरलो की मी करतो तेच केलं, यादी आणखी कडक केली. साखर बंद केली. चहा गुळाचा.

दर भेटीत डॉक्टर विचारायचे, "गोळी नियमित?" मी म्हणायचो, "एकही दिवस चुकत नाही." ते खरं होतं. आई शेजारच्या खुर्चीत बसलेली असायची. आहाराचं विचारलं तर मी फाईलमधून यादी काढून दाखवायचो. एकदा ते म्हणाले, "एवढं सगळं बंद करायची काही गरज नाही हो." मला वाटलं, जुने डॉक्टर आहेत, यांचं वाचन थांबलंय. सात मिनिटांत बाहेर. गोळी कशाबरोबर घेता, हा एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. माझी आई काय खाते याची चौकशी अख्ख्या गावाने केली, पण ती गोळी कशी गिळते हे बघायला कुणाला सवड झाली नाही. या गोष्टीने माझं डोकं अजून उठतं.

ते कळलं रक्त घ्यायला घरी आलेल्या मुलीकडून. लॅबमधली कामाला लागून वर्षही झालं नसेल अशी मुलगी. सकाळी सातला आली, आईचा दंड बांधता बांधता म्हणाली, "आजी, आज थायरॉईडची गोळी घेतली नाही ना अजून?"

"न्हाय की," आई म्हणाली. "आता आंगुळ झाली, देवाला पाणी घातलं. आता चहा टाकते न् चहाबर घिते. समद्या एकदमच घिते मी, ह्या डबीतल्या."

मुलीने सुई बाजूला ठेवली. "समद्या म्हणजे? कॅल्शियम पण? आयर्न पण?"

"व्हय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "सर, तसं नाही चालत. थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, नंतर तासभर चहासुद्धा नाही. आणि कॅल्शियम, आयर्न चार तासांनी. नाहीतर गोळी लागूच होत नाही अंगाला."

आईला यात आपलं काय चुकलं तेच कळेना. डॉक्टर म्हणाले होते काही खाण्याआधी, आणि ती काही खाण्याआधीच घेत होती. आमच्याकडे चहाला खाणं म्हणत नाहीत. सोमवारी, एकादशीला दिवसभर काही न खाता राहणारी माणसं चारदा चहा पितात आणि त्यांचा उपास मोडत नाही. बरं, चहाच्या आधी घ्यावी तर अंघोळीआधी पारोशा तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. अंघोळ, देव, तुळस, मग चहा, आणि चहाबरोबर डबी. तिच्या दृष्टीने ती डॉक्टरांचं अक्षर न् अक्षर पाळत होती. दुधाला पर्याय म्हणून मी आणलेलं कॅल्शियम रोज सकाळी तिच्या औषधाला पोटातच अडवून धरत होतं आणि मी तिच्या भाकरीवर पहारा देत होतो.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई कोपरावर कापूस दाबून बसली होती, ती मुलगी अजून दारातच होती, आणि मी ओरडलो, "इतके महिने घरात काय चाललंय? कुणाला अक्कल नाही? मीच बघायचं का सगळं?"

बायको ओट्याशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं तुम्हाला." आणि मला आठवलं. कॉलेजला निघताना मी गाडीची किल्ली शोधत होतो तेव्हा ती म्हणाली होती, "आई सगळ्या गोळ्या चहाबरोबर घेतात, चालतं का तसं?" मी म्हणालो होतो, "पोटात जातात ना? मग झालं. तू त्यात डोकं घालू नको." त्यानंतर तिने डोकं घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी साडेपाचचा गजर लावला. पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आईच्या अंथरुणाशी उभा राहिलो. ती म्हणाली, "आरं, पारुशी हाय मी." मी म्हणालो, "औषधाला पारोसं नसतं. घे." तिने तोंड धुतलं, देवाच्या दिशेने हात जोडले आणि गोळी घेतली. मग तासभर चहाविना भिंतीला टेकून बसून राहिली. कॅल्शियम आणि लोह मी दुपारवर ढकललं.

यानंतर मी जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही. त्या मुलीने नेलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. आकडा अर्थातच वर होता, कारण तो जुन्या सवयीचा होता. मी रिपोर्ट घेऊन एकटाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "नियमित चालू आहे?" आणि मी म्हणालो, "हो." इतके महिने गोळी चहाबरोबर जात होती आणि चार दिवसांपूर्वी आम्ही ते सुधारलंय, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण ते बोलायचं म्हणजे फिजिक्सच्या सरांनी आपण बिनडोक आहोत हे कबूल करायचं. मी गप्प बसलो. डॉक्टरांनी गोळी दीडशेची केली. लागू न होणाऱ्या औषधाच्या हिशेबाने वाढत गेलेली ती गोळी आता आईच्या अंगाला पूर्ण लागणार होती, आणि हे त्या खोलीत ओळखू शकणारा मी एकटाच होतो.

पहिले काही आठवडे चमत्कार झाल्यासारखं वाटलं. आईने चादर धुऊन ट्रंकेत ठेवली. घरभर फिरायला लागली, भांडी घासायला लागली, वडिलांच्या गोष्टी धडाधड सांगायला लागली. चोळ्या सैल झाल्या. मी स्टाफरूममध्ये छाती पुढे काढून सांगत सुटलो. श्रेय अर्थात यादीला दिलं.

मग तिचा हात कापायला लागला. बशीत चहा ओतताना सांडायचा. घाम यायचा, झोप लागायची नाही, दिवसातून चार-चारदा पोट बिघडायचं. ती म्हणाली, "छातीत चिमणी कोंडल्यावानी फडफडतंय लेका."

मी म्हणालो, "इतके दिवस अंग झोपलेलं होतं, आता जागं झालंय. चार पावलं चाल, बरं वाटेल."

ती चालली. बायकोबरोबर सकाळी मंडईत गेली आणि भाजीच्या ढिगासमोर खाली बसली ती उठलीच नाही. मी वर्गात होतो. बायकोचा फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी तो कापला, कारण मी शिकवत असताना कुणी फोन केलेला मला खपत नाही. चौथ्यांदा शिपाई वर्गाच्या दारात आला.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा आईच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या आणि पडद्यावरची रेघ वेडीवाकडी धावत होती. ठोका वेगाने पडत होता आणि त्याला लय नव्हती. आमचेच डॉक्टर आले. म्हणाले, थायरॉईडचं औषध फार होतंय, हृदयाला झेपत नाहीये, असंच चाललं असतं तर रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली असती. "गोळी नेमकी कशी घेतात या?" हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारला. मी तोंड उघडायच्या आत बायकोने सगळं सांगितलं. चहा, डबी, लॅबची मुलगी, साडेपाचचा गजर, सगळं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बदल केलात तो मला का नाही सांगितला?"

तुम्ही का नाही विचारलं, असं ओरडावंसं वाटत होतं, आणि तो राग खोटा नव्हता. त्यांचं चुकलंच होतं. पण समोर आईची छाती धडधडताना बाहेरूनही दिसत होती.

आई सहा दिवस तिथे होती. तीन दिवस मला ती जाईल असंच वाटत होतं. चौथ्या दिवशी ठोका लयीवर आला. गोळी काही दिवस थांबवली, मग पंच्याहत्तरवर आणून पुन्हा सुरू केली. घरी सोडताना डॉक्टर आईशी बोलले, माझ्याशी नाही. म्हणाले, "आजी, भाकरी खा, शेंगाची चटणी खा, दही खा. कोबी शिजवून खाल्ला तर काही होत नाही. फक्त गोळी आणि बाकीचं यात अंतर ठेवायचं." आईने डोळे पुसले. ती इतके महिने किती उपाशी होती हे मला तेव्हा कळलं, आणि घरी येताच मी ओट्यावरची यादी नखांनी खरवडून काढली. त्या कोर्सवाल्या बाईंना मी लांबलचक मेसेज लिहिला. त्यांनी मला ब्लॉक केलं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. आई बरी आहे. अंगावर जरा मांस आलंय, हात कापत नाही. सकाळी तोंड धुऊन देवाला हात जोडते आणि साध्या पाण्याने गोळी घेते. अंघोळीआधी चालतं, असं तिनेच देवाला विचारून ठरवलंय म्हणे.

मागच्या रविवारी ती सुपात हरभरे निवडत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो. बरेच दिवस मनात होतं ते विचारलं, अगदी प्रेमाने विचारलं. म्हटलं, "आई, तुला भूक लागायची, छातीत फडफडायचं, रात्र-रात्र झोप यायची नाही. मला नीट बसवून का नाही सांगितलंस?"

तिने एक खडा काढून बाजूला टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भ्या वाटायचं रं."

"कशाचं?"

"तुजं. तू लई रागावतोस की."

"मी? मी कधी रागावलो तुझ्यावर?" मी म्हणालो. आवाज एवढा चढला की बायको आतून धावत दारात आली. आईचे हात सुपात तसेच थांबले.

"न्हाय, न्हाय," ती घाईघाईने म्हणाली, "तू कुटं रागावतोस लेका. माझंच चुकलं."